गंगूबाईले दिलेला चेहरा

खरं सांगतो, अन् मोठ्यानं सांगतो, मागच्या खोलीतल्याईलेही ऐकू गेलं पायजे: ह्या गोठीत एक अक्षर खोटं नाई. खोटं असन तर माहे उरलेसुरले चार दात आजच्या भाकरीत निखळून पडो, माह्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचं दही होवो, अन् मले मरेपर्यंत बिनमिठाचं वरण खा लागो. घ्या, यापेक्षा मोठी शप्पथ कोण खाईन? लोकं मले म्हणतात, ह्या बुढीच्या गोठीत पावशेर खरं अन् मणभर हवा. म्हणू द्या. ही गोठ तशी नाई. ज्या पोट्टीची हाये ती अमरावतीतच राह्यते, जाऊन इचारा.

तं ज्योत्स्ना. तवा चोवीस-पंचवीसची पोट्टी, मूळची अकोल्याची, आजीजवळ वाढलेली. अमरावतीत एका क्लासवाल्याच्या ऑफिसात प्रश्नपत्रिका टाईप करे. सकाळच्या पारी ऑटोत बसून कामावर चालली होती. राजापेठचं रेल्वे फाटक लागलेलं. ऑटोवाल्यानं इंजन बंद केलं अन् तंबाखू मळायले घेतला. बाजूच्या बाईच्या पिशवीतून मेथीचा वास येऊन राह्यला होता. ज्योत्स्नानं उगाच, काई कारण नसताना, मान वर केली. समोरच्या खांबाले एक फ्लेक्स बांधला होता. वरतं लिहेल होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. अन् त्याच्या खाली तिची आजी हासून राह्यली होती.

तिले मेथीचा वास एकदम लय दूरून आल्यासारखा वाटला. नजरेचंही कसं असते पाहा. तिले चेहरा दिसला, पण पयले ओळखू आला तो चेहरा नाई, ओळखू आली ती फोटोखालची सावली. उजव्या अंगाले पडलेली, राखाडी, काठाले विरून गेलेली. ही सावली तिनं सोताच्या हातानं बनवली होती. आपण शिवलेली बटवी दुसऱ्याच्या कमरेले दिसली का आपल्याले टाक्यावरून समजते ना, तसं. मंग त्या सावलीवरून नजर वर सरकली, संत्र्याच्या फुलाची फ्रेम, तीही तिचीच, अन् त्या फ्रेमीत भागीरथाबाई, तिच्या बापाची माय, एक दात पडेल, डोळे बारीक झालेले, हासता हासता. कपाळावर कोणीतरी लाल भडक कुंकू काढलं होतं. आजीचं कपाळ ज्योत्स्नानं जन्मात भरेल पाह्यलं नव्हतं. खाली नाव दुसरंच. कै. गंगूबाई, वरूडकडच्या एका गावाचं नाव, अन् शोकाकुल: सूर्यभान व परिवार. फाटक उघडलं, गाडीवाले भोंगे वाजवू लागले, ऑटो हालला, अन् आजी हासत हासत मागं मागं गेली.

तुमाले सांगा लागन ती काय करे ते. परदेशातल्या बाया लेकराचे फोटो वहीत चिकटवतात अन् भोवताल रिबिना, बटनं, कागदाची फुलं लावून शोभा करतात. ज्योत्स्ना तेच करे, पण कम्प्युटरात, कात्री ना गोंद. अकोल्याले आली का आजीची वाकळ घेऊन जाये, अन् ऑफिसातल्या स्कॅनरच्या काचेवर एकेक ठिगळ ठेवून त्याचे रंगीत कागद करे. आजीच्या डब्यातले बटनं, कोणाच्या सदऱ्याचे, कोणाच्या झबल्याचे, त्याईचे चित्रं करे. पऱ्हाटीचं फुटेल बोंड, पांढऱ्या कापसाचं. वरूडच्या मैत्रिणीनं आणलेली संत्र्याची डहाळी. हे सारं एका गाठोड्यात बांधून इंटरनेटवर ठेवे, फुकट, घ्या म्हणे ज्याले पायजे त्यानं. कॅनडातली कोणी बाई, ऑस्ट्रेलियातली कोणी, ते बोंड आपल्या तान्ह्या लेकराच्या फोटोले लावे अन् लिही, किती गोड हाये, हे कोणतं फूल. ज्योत्स्ना वाचे, तिले हासू ये, अन् लगेच कम्प्युटर बंद करे. कारण ते सालं कोणते होते? दोन हजार सात-आठचे. त्या सालात आपल्या इकडे पेपरात बोंडाचं चित्र दिसलं का माणूस शेतकऱ्यानं जीव देल्याची बातमी वाचतच नसे, पयले खालचं गावाचं नाव पाहे, आपल्या ओळखीचं तर नाई.

मंग तिनं एक स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे कम्प्युटरले दिलेला हुकूम. एक बटन दाबलं का फोटो फ्रेमीत जाऊन बसे अन् त्याच्या खाली आपोआप सावली पडे. ते कसं करायचं त्याचा पाठही लिहिला, चित्र काढून काढून, इंग्रजीत अन् मराठीत. उजेड डावीकडून घ्या, सावली उजवीकडे पाडा. सावली नसन तर फोटो कागदाले चिपकून मेल्यावानी दिसते, असं तिनं त्या पाठात लिहिलं होतं. सावली दिली का जित्ता होते. हे वाक्य तिले तवा लय आवडलं होतं. ऑटोत बसल्या बसल्या ते तिच्या डोक्यात भिरभिरू लागलं अन् थांबे ना.

पाठाले नमुना म्हणून एक फोटो लागत होता. तो तिनं आजीचा लावला. आता इथं मेख हाये. आजी कोणाले फोटो काढू देत नव्हती. फोटोचं नाव काढलं का पदर तोंडावर घे अन् एक गोठ सांगे. म्हणे, अचलपूरले माह्या आजीचा फोटो एका साहेबानं काढला होता, तीन पायाच्या पेटीनं. काळा कपडा डोक्यावर घेतला अन् फट्ट केलं. फोटो आला झकास. पण त्या दिवसापासून तिची सावलीच पडे ना. सावली राह्यली पेटीत. भर उन्हात उभी राहे तं पायाखाली जमीन कोरडी ठक्क. लोकं तिले भर उन्हात बाजाराले धाडत, तिले ऊन लागत नाई म्हणून. अन् मेली तं चार माणसाईले खांद्यावर वजनच लागलं नाई, तिरडी वाऱ्यानं वर जाऊ लागली, दोरीनं ओढून खाली आणली म्हणे. सारे हासत. ज्योत्स्ना लहान होती, ती हासे नाई. ती शाळेतून आली का पयले आंगणात आजीच्या पायाखाली पाहे. हाये का सावली. हाये. मंग दप्तर ठेवे.

अन् तोच फोटो तिनं चोरून काढला होता. मागच्या उन्हाळ्यात, आजी हीच सावलीची गोठ शेजारणीले सांगत होती, तिरडी वर चालली असं हातानं दाखवत होती, अन् ज्योत्स्नानं मांडीवरच्या छोट्या कॅमेऱ्याचं बटन दाबलं. आजीले समजलं नाई. पाठ लिहून झाल्यावर फाईल लोकाईले द्यायच्या आधी तो फोटो पुसून टाकायचा होता. तिनं पुसला नाई. कम्प्युटरातलं असं चित्र म्हणजे एकावर एक ठेवेल काचेचे पानं. दर पानाच्या बाजूले एक बारीकसा डोळा असते. डोळा मिटला का ते पान दिसत नाई. पण ते जात नाई कुठं, तिथंच असते, अंधारात. तिले त्या टायमाले पुसा वाटलं नाई, आजीच होती ना. तिनं फक्त डोळा मिटला, अन् गाठोडं बांधून जगाले देऊन टाकलं. आपण आजीचा डोळा आपल्या बोटानं मिटला. हे असं शब्दात तिच्या मनात आलं तवा ती ऑटोतून उतरून फुटपाथवर उभी होती.

तिनं अकोल्याले फोन लावला. तिनं आजीले मोबाईल घेऊन देला होता, पण आजी तो दाळीच्या डब्यात ठेवे, फडक्यात गुंडाळून, चोरी जाईन म्हणून. फोन वाजला तरी दाळीलेच ऐकू जाये. आज तं वाजतही नव्हता. अकोल्याची लाईन पहाटेपासून गेली असन, बॅटरी उतरली असन. असन. हा एक शब्द धरून ती उभी राह्यली. गेल्या साली सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कागदावर आजीच्या दिलाचं चित्र काढून देलं होतं, एक पडदा ढिला झाला हाये, बुढीले धक्का बसू देऊ नका.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा पत्ता होता, इतवाऱ्यातला. ती कामावर गेलीच नाई, तिथं गेली. दुकानात शाईचा उग्र वास, मशीन सर्र सर्र करत कोणाचा तरी चेहरा पट्ट्या पट्ट्यानं बाहेर काढत होती, पयले केस, मंग कपाळ. मालक दाऊदभाई, पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवेल. ज्योत्स्नानं फ्लेक्सचं इचारलं तं त्याईले वाटलं गंगूबाईच्या घरची हाये, बसायले स्टूल देला, पाणी देलं. मंग त्याईनं सांगितलं तसं असं होतं, का गंगूबाईचा फोटोच नव्हता. सत्तर सालं जगली बाई, पण फोटो म्हणून एक काढेल नाई. राशन कार्डावर एक होता, त्यात नाक कुठचं अन् कान कुठचा. दाऊदभाई म्हणले होते, फोटोऐवजी फुलाचा करून देतो. लेक ऐके ना. मंग त्याईनं नागपूरहून आणलेल्या एका डीव्हीडीवरची फ्रेम उघडली. फोटोवाले असे शेकड्यानं चित्रं एकमेकाले देतात, कोणाचं कोणतं कोणाले मालूम.

"एका पानाचा डोळा बंद होता बेटा. मी उघडला," दाऊदभाई म्हणाले. "सूर्यभान ह्याच स्टुलावर बसला होता, टपकन उभा झाला. म्हणे, हेच माही माय. मी म्हटलं, भाऊ, अशी दिसत होती का? म्हणे, दिसत नव्हती. पण हासे अशीच."

"ती माही आजी हाये," ज्योत्स्ना म्हणाली. "जित्ती हाये."

मशीन चालू होती. दाऊदभाईनं हात लांब करून ती बंद केली, अर्धा चेहरा मशीनीतच राह्यला. तौबा, असं ते लय हळू म्हणाले. फाटकावरचा आत्ताच काढून आणतो, म्हणाले, पैसे त्याईचे वापस करतो. अन् मंग चष्मा पुसत पुसत, तिच्याकडे न पाहता, म्हणाले, "एक अकोल्याले गेला वं बेटा. गंगूबाईची पोरगी राह्यते तिथं, माणिकबाई. काल एस्टीनं पाठवला. डाबकी रोडच्या कोपऱ्यावर लावणार होते."

तुमी म्हणान, असं कुठं होते. आजीचं घर डाबकी रोडले. रोज सकाळी भाजी घ्यायले ती त्याच कोपऱ्यावर जाये. मी शप्पथ खाल्ली हाये ना? झालं तसं.

अकोल्याच्या गाडीत तिले खिडकी भेटली, ते बरं नाई झालं. आजीले वाचता येत नाई, हे तिले बडनेऱ्याजवळ आठवलं. म्हणजे आजी गंगूबाईचं नाव वाचणार नाई. तिले फक्त दिसन सोताचं तोंड, हार, अन् दिवा. अन् कुंकू. ते पाहून तिले काय वाटन? का आपण मेलो अन् आपल्याले कोणी सांगितलं नाई? मुर्तिजापूर येईपर्यंत ज्योत्स्नाले रस्त्याच्या कडेचे सारे फ्लेक्स दिसू लागले. कोणाचा वाढदिवस, कोणाचं उद्घाटन, अन् श्रद्धांजल्या, गावागावाच्या फाट्यावर, एकीच्या बाजूले एक, पोट्टेसोट्टे माणसं, ओळखपत्रावरचे ताठ चेहरे मोठे करून लावलेले. अन् प्रत्येकाच्या उजव्या अंगाले ती सावली. निंबाच्या झाडाची सावली पश्चिमेकडे पडेल होती, विजेच्या खांबाचीही तिकडेच, अन् फ्लेक्सातल्या माणसाईची दुसरीकडे, तिनं ठरवून देलेल्या बाजूले, सूर्याले न इचारता. आपण बटन दाबून सोडून देलं अन् ते अजून दाबलेलंच हाये, असं तिले वाटलं. एकेका माणसाले फ्रेमीत बसवून राह्यलं. तिनं डोळे मिटले. मिटले तं अजूनच घाण वाटलं, म्हणून उघडले. बाजूच्या माणसानं इचारलं, गाडी लागते का बाई. ती हो म्हणाली. त्यानं मोसंबी सोलून एक फोड देली, ती तिनं हातात धरून ठेवली, बोरगाव मंजू गेलं तरी हातातच होती, कोमट, ओली, जित्त्या वस्तूवानी. तिचं सारं मन एका जागी गोळा झालं होतं: भाजीची पिशवी घेऊन आजी घरून निघायच्या आत तो फ्लेक्स खाली आला पायजे. अन् घड्याळ पाहायची तिले हिंमत होत नव्हती, कारण आजी सकाळीच निघते हे तिले चांगलं मालूम होतं.

अकोल्याच्या स्टँडवरून ऑटो केला. डाबकी रोडच्या कोपऱ्यावर ऊन डोक्यावर आलेलं. फ्लेक्स लावेल होता, निंबाच्या झाडाले अन् खांबाले, चांगला ताणून. खाली सतरंजी, पाच-सहा बाया बसेल, मधात गर्दी. ज्योत्स्नाले त्या बायाईच्या पाठीच दिसल्या. कोणीतरी रडत होतं. तिनं पैसे किती देले, वापस किती घेतले, काई समजलं नाई. पाय टाकत गेली तं पायाखाली रस्ता मऊ लागला, डांबर उन्हानं पाघळेल. ती बायाईच्या खांद्यावरून वाकली.

मधात आजी बसेल होती. बशीतून चहा पिऊन राह्यली होती. तिचा एक हात एका चाळीशीच्या बाईनं दोन्ही हातात घट्ट धरेल होता अन् ती बाई रडत होती, तीच माणिकबाई. बाकीच्या बाया एकदा वर फ्लेक्सकडे पाहत, एकदा आजीकडे. बुढी काई भेली नाई. सकाळी भाजीले आली, वर पाह्यलं, म्हणाली, बापा, हे तं मीच, अन् सरळ जाऊन बसली. माणिकबाईनं तिले पाह्यलं तं किंचाळली, मंग तिच्या गळ्यात पडली. आजीनं तिले थोपटलं. अन् उगी राह्यली असती तं ती भागीरथाबाई कशाची. तिनं सांगितलं म्हणे, गंगू अन् मी जुळ्या, अचलपूरच्या बाजारात हरवलो, मले बांगडीवालीनं नेलं अन् तिले गुळवाल्यानं, म्हणून ती गोड बोले अन् मी खणखण. बायाईले मालूम होतं का हे सारं झूट हाये. माणिकबाईलेही मालूम असन. पण ती म्हणे, अजून सांग मावशी, अजून सांग, अन् आजी सांगत होती.

"आली का?" आजी म्हणाली. "ये वं. ही माही नात. हिनंच काढला असन हा फोटो."

माणिकबाईनं तिचाही हात धरला. तिले वाटलं, आता ही बाई शिव्या देईन. माणिकबाई म्हणाली, कुंकू तेवढं लय साजरं दिसते मायले, हे काढू नका, तेरवीपर्यंत राहू द्या. ज्योत्स्नानं आजीकडे पाह्यलं. आजीनं मान हालवली, राहू दे. फ्लेक्सची सावली त्या सतरंजीवर पडेल होती, चौकोनी, अन् आजी बरोबर त्याच्या मधात होती. तिची सोताची सावली कोणती अन् फ्लेक्सची कोणती हे समजत नव्हतं. ज्योत्स्नानं लहानपणीवानी खाली पाह्यलं अन् तिले तिथं काई सापडलं नाई.

घरी जाताना आजी भाजीची पिशवी तिच्याजवळ देऊन पुढं चालली.

"कवा काढला फोटो?"

"मागच्या उन्हाळ्यात. तू गोठ सांगत होती तवा."

"कोणती?"

"सावलीची."

आजी थांबून हासली, त्या फ्लेक्सात हासत होती तशीच. मंग आजी म्हणाली, चांगला आला हाये, तू आधी बोलली असती तं मी पदर घेतला असता अन् गंगूबाई बिचारी नुसत्या फुलाच्या चित्रावर गेली असती. चार घरं पुढं गेल्यावर पुन्हा थांबली.

"पण तो तं आता गंगूबाईले देऊन टाकला ना वं. माह्यासाठी कोणता लावशीन?"

आजीनंच पदर सारखा केला, गालावरचे केस कानामागं टाकले, अन् भितीले टेकून उभी झाली. काढ म्हणे आत्ताच, तुह्या त्या डबीत. जन्मात पयल्यांदा सोताहून म्हणाली. ज्योत्स्नानं पर्समधून कॅमेरा काढला. त्याच्या बारीक काचेत आजी दिसली, पाठीमागं पिवळी भित, भर दुपार, अन् भितीवर काहीच पडेल नाई, डावीकडे ना उजवीकडे. बोट बटनावर होतं. आजी हासू तोंडावर धरून ठेवून वाट पाहत होती, अन् धरेल हासू हळूहळू जड व्हायले लागलं, गालाचं मांस हालू लागलं. काढ ना वं, ती दाताच्या फटीतून म्हणाली, लय टाईम धरता येत नाई. ज्योत्स्नानं कॅमेरा खाली घेतला. लाईट बरोबर नाई, म्हणाली. ऊन उतरल्यावर काढू. ऊन उतरलं, पुढं कितीक डाव उतरलं. त्या पोट्टीनं अजून तो फोटो काढला नाई. अन् ती सावलीची स्क्रिप्ट अन् तो पाठ तिनं त्याच हप्त्यात पुसून टाकला, डोळा मिटून नाई, समूळ. जगात जे गाठोडे गेले ते गेले.

झाली गोठ. आता भाकर टोपल्यात हाये, दात तोंडात हायेत, अन् शप्पथ मीच खाल्ली, म्हणून सांगून टाकतो. एक गोष्ट मी पदरची घातली. बुढी भेली नाई म्हटलं ना, ते खोटं हाये. चहा बशीत होता म्हटलं, तो अर्धा लुगड्यावर सांडला होता. अन् सरळ जाऊन बसली म्हटलं, तं बसली कारण पाय उचलत नव्हते. बसायच्या आधी, त्या फ्लेक्सखाली जायच्या आधी, भर रस्त्यात, लोकं पाहत असताना, मी खाली वाकून पाह्यलं होतं, सावली हाये का.